मार्थाबाईंचा हिवाळा

कार्तिक सरत आला की परभणीच्या रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागतात. बाजाराला निघालेल्या गाड्यांतला कापूस काट्यांना अडकतो आणि पुंजके लोंबत राहतात. सरकीचा तेलकट वास हवेत असतो. सकाळी अंगणात उभं राहिलं की तोंडातून वाफ निघते. सूनबाई आतून हाक मारते, "आई, आत या की, थंडी लय पडलीय." मी लगेच आत जात नाही. ह्या दिवसांत माझे कान आपोआप कशाची तरी वाट बघतात. टणक जमिनीवर चेंडू आपटल्याचा तो थप्पथप्प आवाज, आणि त्यामागून येणारी एका बाईची खणखणीत हाक, "इंदू, चेंडू नको बघू. माणूस बघ!"

हाक मारणारी बाई जाऊन कितीतरी वर्षं झाली. ते मैदानही आता राहिलेलं नाही. तिथं कुठल्याशा कचेरीची इमारत आहे आणि दुचाक्या लावायला पत्र्याची शेड आहे. पण हिवाळा दरवर्षी येतो, आणि येताना मार्थाबाईंना घेऊन येतो.

सगळ्या गावाला हवाहवासा वाटणारा हा ऋतू. शाळूचा हुरडा, पेरू, बोरं, उन्हात वाळत घातलेल्या शेवया, आणि तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी सुरू होणारी लग्नाची गडबड. मार्थाबाईंना मात्र ह्या ऋतूची धास्ती होती. दसऱ्यापर्यंत त्या हसतखेळत असत. दिवाळीत जरा गप्प होत. तुळशीच्या लग्नाचे फटाके वाजले की त्यांच्या तोंडचं पाणीच पळे. कारण त्या दिवसापासून त्यांच्या हातातल्या मुली एकेक करून जायला लागत.

मार्थाबाई मूळच्या जालन्याच्या. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या. तिथल्या एका मडमेनं त्यांना बास्केटबॉल शिकवला, पुढं हैदराबादेत त्यांनी ड्रिलचं शिक्षण घेतलं, आणि परभणीला मुलींच्या सरकारी शाळेत ड्रिल शिकवायला आल्या. तेव्हा मी पाळण्यात असेन. निजामाचं राज्य, शाळा उर्दूतून, मुख्याध्यापिकेला आम्ही 'सदर मुअल्लिमा' म्हणायचो. मुली पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीतून शाळेत यायच्या. अशा गावात ही उंच, सावळी, बिनलग्नाची बाई पांढरं पातळ नेसून, पायात कॅनव्हासचे बूट घालून भर रस्त्यानं चालत यायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी. आमच्या आळीतल्या बायका म्हणायच्या, हेच हिचं मंगळसूत्र. बाईंच्या कानावर ते गेलं होतं. त्या म्हणाल्या, "असू दे. वाजतं तरी."

मैदान म्हणजे शाळेच्या मागची काळी जमीन. पावसाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात भेगा. चेंडू एखाद्या भेगेत आपटला की भलतीकडेच उडायचा. बाईंनी दरखास्ती करकरून मुरूम मागितला, तो आला नाही, तेव्हा मुलींना घेऊन त्यांनी नाल्याकाठचा मुरूम टोपल्यांनी आणला आणि स्वतः चोपणं हातात घेऊन जमीन चोपली. भोवती कापडाची कनात लागायची. एका बाजूला लिंबाचं झाड आणि दुसऱ्या बाजूला सागाचा खांब, त्यांवर लोखंडी कडी. ती कडी करून घ्यायला बाई लोहाराकडं गेल्या तेव्हा त्यानं कडं हातात फिरवत विचारलं होतं, "बाई, टोपली म्हणायल्यात, अन् ह्याला बूड तर न्हाईच. ह्यात ऱ्हाणार काय?" बाई ही गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायच्या आणि दर वेळी स्वतःच हसायच्या.

चेंडू एकच, कातड्याचा, वादीनं शिवलेला. थंडीत तो दगडासारखा व्हायचा. बाई त्याला एरंडेल चोळून उन्हात ठेवायच्या. आम्ही परकराचा काचा मारायचो, केसांच्या वेण्या डोक्यावर आवळून बांधायचो, आणि कनातीचा पडदा पडला की आमच्या आया ज्याला टोपलीचा खेळ म्हणायच्या, तो सुरू व्हायचा. बाहेर आम्ही कुणाच्या तरी लेकी होतो, मान खाली घालून चालणाऱ्या. आत बाई म्हणायच्या, "मान वर! आकाशात बघा! ओरडा, हाक मारा एकमेकींना!" मुलींना मोठ्यानं ओरडायला शिकवणारी दुसरी बाई मी जन्मात पाहिली नाही. पहिले कित्येक दिवस आमच्या तोंडातून आवाजच फुटत नसे.

संघ पाच जणींचा. तेवढ्याच बाईंना हव्या होत्या. पण इतक्या वर्षांत त्यांना पाच मुली एका हिवाळ्यापलीकडं कधी टिकवता आल्या नाहीत. मुलगी जरा उंच झाली, मनगटात जोर आला, नजर तयार झाली, की घरच्यांनाही ती दिसायला लागायची. माझी थोरली बहीण, आमची अक्का, बाईंच्या हाताखाली खेळायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा बाई आमच्या घरी आल्या होत्या. मी लहान होते, दाराआड उभी होते. नांदेडच्या मुलींशी सामना ठरत होता, तेवढा होईपर्यंत लग्न पुढं ढकला, असं सांगायला त्या आल्या होत्या.

माझे वडील अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "बाई, नवरदेव थांबेल हो. मुहूर्त थांबतो का?"

बाईही हसल्या. दुसरं काय करणार? आईनं त्यांना चहा दिला, तो कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. बाईंनी चहा घेतला, उठून न्हाणीत जाऊन कप स्वतः विसळला आणि जिथून काढला होता त्याच कोनाड्यात पालथा घालून ठेवला. कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरही काही नव्हतं. अक्का माजघरात बसून रडत होती. ती सासरी जायची म्हणून रडतेय असं सगळ्यांना वाटलं. पुढं गावभर ती गोष्ट झाली. चेंडूपायी लग्न पुढं ढकला म्हणते ही बाई! बाया विहिरीवर पाणी ओढताना एकमेकींना सांगून हसायच्या. सामनाही झाला नाही. चार मुलींनी कसा होणार?

असे कितीतरी हिवाळे गेले असतील. मला आठवतो तो एकच. देश स्वतंत्र झाला आणि आम्ही झालो नाही, तो हिवाळा.

वाशीम तिकडं, आम्ही इकडं. मधे एक हद्द. त्या हद्दीपलीकडं तिरंगा लागला होता आणि आमच्या शाळेवर अजून निजामाचा आसफजाही झेंडा होता. गावात रझाकारांच्या कवायती चालायच्या. संध्याकाळी लवकर दारं लागायची. मोठी माणसं हळू आवाजात बोलायची, आणि आम्ही जवळ गेलो की विषय बदलायचा. आणि ह्या सगळ्यात एक अजब गोष्ट झाली. लग्नं थांबली. वाशीम-अकोल्याकडच्या सोयऱ्यांना हद्द ओलांडून यायची भीती वाटायची. वऱ्हाड न्यायचं कसं, दागिने अंगावर घालायचे कसे? घरोघर एकच बोलणं, हे दिवस सरू द्या, मग बघू.

तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कनातीच्या तोंडाशी उभ्या होत्या. आम्ही एकेक आत येत होतो आणि त्या प्रत्येकीकडं बघत होत्या. पाचही जणी आलो. बाईंनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवलीच नाही.

त्या पाचात खरं म्हणजे यमुना म्हणजेच संघ. येलदरीकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याची ही लेक, शिकायला म्हणून परभणीत चुलत्याकडं राहिलेली. पूर्णेच्या काठावर वाढलेली, खांदे रुंद, हात लांब. तिला शब्द कमी लागायचे. चेंडू हातात आला की ती क्षणभर थांबायची, गुडघ्यात किंचित वाकायची आणि चेंडू असा सोडायची की तो उडताना फिरतोय की नाही ते कळू नये. कड्याला न लागता आत जायचा. दुसरी जुबेदा. तहसिलीतल्या पेशकारांची मुलगी. अंगानं काडी, पण वाऱ्यासारखी. तिच्याकडं बघावं उजवीकडं आणि चेंडू आलेला असायचा डावीकडं. कापडाच्या दुकानदाराच्या दोघी बहिणी मागं राहून अडवायच्या. त्या इतक्या सारख्या दिसायच्या की बाई दोघींनाही 'सरू' म्हणायच्या आणि दोघीही ओ द्यायच्या. आणि पाचवी मी.

बाई त्या हिवाळ्यात तरुण झाल्या. सकाळी शाळेआधी आणि दुपारी शाळेनंतर, दोन्ही वेळा खेळ. थंडीनं बोटं वाकायची नाहीत, नाकं वाहायची, मुरमानं गुडघे फुटायचे. आमच्यातली भीती कनातीबाहेर राहायची. आम्ही ओरडायचो. "इंदू, पीछे!" जुबेदा ओरडायची. "हितं टाक, हितं!" यमुना. एकीची हाक दुसरीला कळायला भाषा लागायची नाही. हळूहळू असं व्हायला लागलं की मी न बघता चेंडू टाकायची आणि तिथं कुणीतरी असायचंच. आयुष्यात पुढं मला पुष्कळ माया मिळाली, पण न बघता हात पुढं करावा आणि तिथं कुणी असावं, अशी खात्री फिरून कधी वाटली नाही.

मग बाईंनी बातमी आणली. औरंगाबादच्या मुली येणार होत्या. संक्रांतीनंतर, रेल्वेनं, आमच्या मैदानावर. सदर मुअल्लिमांनी इजाजत दिली होती. बाईंनी जाड्याभरड्या कापडाचे पाच झगे शिवले, निळीच्या पाण्यात बुडवून लिंबाच्या फांदीवर वाळत टाकले. वाऱ्यावर ते पाच झगे हलताना आम्ही खालून बघत होतो. जुबेदा म्हणाली, "देखो, अपुन पाँच जने खेल रहे." यमुना नुसती हसली.

पौष लागला होता. एका दुपारी यमुना खेळायला आली नाही. बाईंनी वाट बघितली आणि मग मला म्हणाल्या, "चल ग, तू सोबत चल." आम्ही तिच्या चुलत्याकडं गेलो. त्यांना सगळे बापूराव म्हणत. दारात बैलगाडी उभी होती, जू जमिनीवर टेकवलेलं. ओसरीवर गाठोडी बांधून ठेवली होती. ते बघून मला सगळं कळलं. बाईंनाही कळलं असणार, तरी त्या ओसरीवर बसल्या.

"तुमी कशापायी आल्यात ते मला कळायलंय, बाई," बापूराव म्हणाले.

"संक्रांत होऊ द्या. एवढंच मागायला आले."

"संक्रांत?" त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "गावाकडून सांगावा आलाय. आमच्या शेजारच्या गावात परवा माणसं घुसली. कडब्याच्या गंजी पेटवल्या. दादा म्हणायलेत, पोरीला हद्दीपार न्या, आजच्या आज. वाशीमला पाव्हणे हायत. तिथंच एक जागा बी बघितलीय. तिचे हात पिवळे झाले की दादांच्या जिवाचा घोर जाईल."

"माझ्याकडं राहू दे तिला. मी जिम्मेदारी घेते."

"तुमी?" बापूरावांचा आवाज चढला नाही. उलट तो आणखी खाली गेला. "बाई, तुमी एकट्या. तुमची जिम्मेदारी कोण घेतंय?"

बाईंनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग म्हणाल्या, "फार चांगली खेळते हो ती."

"आसंल की. मी कुठं न्हाई म्हणायलोय? सांजच्याला आमच्या घरात पोरांना खेळून दाखवती. आमी बघतो, आमाला बी हसू येतं, बरं वाटतं." त्यांनी रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला. "पण माज्या हातात काय हाय, बाई? सांगा तुमी. मला रागं भरा वाटलं तर. माज्या हातात काय हाय?"

बाई कुणावर रागावणार? तो माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि खोटं घाबरलेला नव्हता. मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की दोन मोठी माणसं समोरासमोर बसलेली असावीत, दोघांनाही एकच गोष्ट हवी असावी, आणि दोघांनाही ती करता येऊ नये.

यमुना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अंगावर नवं लुगडं, नऊवारी. त्यात ती एकदम मोठी आणि परकी दिसत होती. तिनं विचारलं, "बाई, वाशीमला टोपली आसंल का?"

"असेल ना," बाई म्हणाल्या. "मोठं गाव आहे ते."

परत येताना बाई चालत होत्या, पण रोज चालायच्या त्याच्यापेक्षा पुष्कळ हळू.

पुढच्या आठवड्यात कापडवाल्यांचं दुकान बंद झालं. दोघी सरू आईबरोबर मनमाडला गेल्या. त्या सांगायलाही आल्या नाहीत, शेजाऱ्यांकडून कळलं. मग सदर मुअल्लिमांनी बाईंना बोलावून सांगितलं की औरंगाबादच्या मुली येणार नाहीत, अशा दिवसांत मुलींना रेल्वेनं पाठवायला कोण तयार होणार? त्या चांगल्या होत्या बिचाऱ्या. सांगताना त्यांनी बाईंचा हात धरला होता, असं जुबेदानं पाहिलं.

सामन्याचा म्हणून ठरलेला दिवस आला. थंडीची सकाळ होती, ऊन अजून लिंबाच्या शेंड्यावरच होतं. मी आणि जुबेदा नेहमीच्या सवयीनं मैदानावर गेलो तर कनात लागलेली होती, मुरमावर चुन्याच्या ताज्या रेघा ओढलेल्या होत्या. बाई मधोमध उभ्या होत्या.

"झगे घाला," त्या म्हणाल्या. "आज सामना आहे."

आम्ही एकमेकींकडं बघितलं. "बाई, वो लोगां तो नै आरै ना?" जुबेदा चाचरत म्हणाली.

"मी आहे औरंगाबाद."

त्यांनी पांढऱ्या पातळाचा काष्टा मारला, पदर कमरेला खोचला. आणि आम्ही आयुष्यात पहिल्यांदा मार्थाबाईंना खेळताना पाहिलं. इतकी वर्षं त्या कडेला उभ्या राहून सांगायच्या, दाखवायच्या, शिट्टी वाजवायच्या. खेळताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं. देवा! काय खेळल्या त्या! त्या धावताना त्यांच्या बुटांचा आवाज होत नव्हता. जुबेदा वाऱ्यासारखी होती, पण बाई तिच्या पुढं कधी गेल्या ते कळलंच नाही. मी आडवी आले तर माझ्या एका बाजूनं चेंडू गेला आणि दुसऱ्या बाजूनं बाई, आणि पलीकडं दोघं पुन्हा एकत्र झाले. लिंबाखाली जाऊन त्यांनी एक हात वर केला. चेंडू कड्यातून गेला. पुन्हा गेला. पुन्हा. त्यांचे केस सुटले, करडे झालेले होते ते मला तेव्हा दिसले. आम्ही आधी त्यांचं मन राखायला खेळत होतो, मग खरंच जीव तोडून खेळायला लागलो, ओरडायला लागलो. सदर मुअल्लिमा मागच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळानं तोंड फिरवून आत निघून गेल्या.

केव्हातरी बाई थांबल्या. चेंडू दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. तो कुणाकडं टाकायचा ते त्यांना सुचेना, असं दिसत होतं. मग त्या तशाच मुरमावर खाली बसल्या.

जुबेदा त्यांच्याजवळ जाऊन बसली. "बाई, आप इत्ता अच्छा खेलते, हमना कब्बी बोलेच नै."

"मला तरी कुठं माहीत होतं ग," बाई धापा टाकत म्हणाल्या. "बोर्डिंगात असताना आमचाही सामना ठरला होता. गावात पटकीची साथ आली आणि राहिला. नंतर मी शिकवायलाच लागले." आणि त्या हसल्या. हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. आम्ही दोघी दोन बाजूंना बसून होतो. त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा इतक्या आम्ही मोठ्या नव्हतो, आणि उठून जावं इतक्या लहानही नव्हतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वडिलांनी आम्हालाही हलवलं. वाशीमला आत्या होती. पूर्णा स्टेशनावर गाडी बदलून, हिंगोलीवरून. परभणीच्या स्टेशनावर बाई आल्या होत्या, आणि बुरख्यात जुबेदा. माझ्या आईला ते आवडलं नव्हतं. ह्या दिवसांत पेशकारांच्या मुलीशी चारचौघांत बोलू नको, असं तिनं मला बजावलं होतं. म्हणून मी डब्यातच बसून राहिले आणि जुबेदा लांब उभी राहिली. गाडी हलली. जुबेदानं बुरख्यातून दोन्ही हात बाहेर काढले आणि छातीपासून एक नसलेला चेंडू माझ्याकडं टाकला. मी खिडकीत तो झेलला. आई म्हणाली, "हात आत घे."

वाशीमला गेल्यावर मी यमुनेचं घर शोधलं. तिचं लग्न झालं होतं, आणि सासर आणखी पुढं होतं, बैलगाडीच्या वाटेवर. ती काही मला भेटली नाही. पुढंही कधी नाही. दुसऱ्या बाळंतपणात गेली, असं पुष्कळ वर्षांनी कळलं. ज्यानं सांगितलं त्याला ती खेळायची हे ठाऊक नव्हतं.

भादव्यात हैदराबादेवर फौजा गेल्या आणि निजामाचं राज्य संपलं. वाशीमला पेढे वाटले. आम्ही दिवाळीनंतर परभणीला परतलो. घराचं कुलूप गंजलं होतं, बाकी सगळं ठीक होतं. मी दुसऱ्याच दिवशी पेशकारांच्या घराकडं गेले. दार सताड उघडं होतं आणि आत कुणीही नव्हतं. चूल होती, तिच्यात राख होती. अंगणात शेळी बांधायचा एक खुंटा होता.

बाईंकडून कळलं. आम्ही गेल्यावर सगळा उन्हाळा त्या आणि जुबेदा दोघीच मैदानावर असायच्या. बाकी मुली येत नव्हत्या. दोघी समोरासमोर उभ्या राहून चेंडू टाकायच्या, झेलायच्या, अंधार पडेपर्यंत. फौजा आल्या त्या गडबडीत पेशकार एका सकाळी घरातून बाहेर पडले ते परत आले नाहीत. त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. कारकून माणूस. बाई ह्या कचेरीतून त्या कचेरीत गेल्या. कुणी म्हणालं, चौकशी चालू आहे. कुणी म्हणालं, अशा पुष्कळांचा पत्ता नाही, आणि तुम्ही कोण त्यांच्या? जुबेदाच्या आईनं वाट बघितली आणि मग लेकीला घेऊन हैदराबादला कुणा नातेवाइकांकडं गेली.

"जुबेदा मला विचारत होती," बाई म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडे राहू का? मी काय सांगणार ग? यमुनेच्या चुलत्याला मी म्हणाले होते, माझ्याकडं राहू दे. एकटीच्यानं कुणाची राखण होत नाही, हे तेव्हा मला कळत नव्हतं. ह्या खेपेला कळत होतं. मी तिला गाडीत बसवून आले."

त्या वेळी त्या काय बोलल्या त्यापेक्षा त्यांचे हात मला जास्त आठवतात. बोलताना दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवलेले, मोठे, चेंडूच्या कातड्यासारखे चरे पडलेले.

जुबेदा पुढं कुठं गेली, कळलं नाही. मुलाच्या नोकरीमुळं मी काही वर्षं हैदराबादेत काढली. रस्त्यात एखादी उंच, काडीसारखी म्हातारी बाई भरभर चालताना दिसली की मी मागं वळून बघायची. माझी मीच म्हणायची, चेंडू नको बघू, माणूस बघ. माणूस काही दिसला नाही.

बाई मात्र त्याच शाळेत राहिल्या. शाळा मराठी झाली, कनात गेली, दमण्या गेल्या. मुली वेण्या घालून रस्त्यानं चालत यायला लागल्या, मग सायकलवर. सागाच्या खांबाच्या जागी लोखंडी खांब आला. लग्नाची वयंही हळूहळू पुढं सरकली, आणि बाईंच्या मुली अखेर सामने खेळल्या. औरंगाबादला जाऊन एकदा जिंकूनही आल्या, असं ऐकलं. तोवर मी दोन लेकरांची आई होते, सेलूला संसारात होते. मी आनंदानं हे यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "अस्सं? छान." त्यांना तरी दुसरं काय म्हणता येणार होतं? नोकरी संपल्यावर बाई जालन्याला परत गेल्या आणि तिथंच वारल्या. मला महिन्याभरानं कळलं.

पण मला बाई दिसतात त्या अशा म्हाताऱ्या, निवृत्त नाही दिसत. मला दिसतात त्या माझ्या लग्नातल्या.

राज्य बदलल्याच्याच त्या हिवाळ्यात, माघात माझं लग्न झालं. थांबलेली सगळी लग्नं त्या वर्षी एकदम निघाली होती. गावभर मांडव. वाजंत्री मिळत नव्हते, आचारी मिळत नव्हते. दिवस बदलले होते आणि सगळे मोकळेपणानं हसत होते. बाई मुहूर्त थांबवायला आल्या नाहीत. नुसत्या लग्नाला आल्या, धुतलेलं पांढरं पातळ नेसून, आणि मांडवाच्या अगदी मागं, खांबाला धरून उभ्या राहिल्या. मी अंतरपाटाच्या अलीकडं मान खाली घालून उभी होते तरी मला त्या दिसत होत्या. उंच होत्या ना. मंगलाष्टकं झाली, वाजंत्री वाजली, सगळ्यांच्या अक्षता पडल्या. भटजींनी अंतरपाट काढून घडी करून बाजूला ठेवला. हार घातले गेले. लोक पंगतीकडं वळायला लागले.

बाई तेव्हा पुढं आल्या. त्यांची उजवी मूठ मिटलेलीच होती. माझा हात त्यांनी हातात घेतला, उताणा केला, आणि मूठ उघडून सगळ्या अक्षता माझ्या तळहातावर ओतल्या. घामानं त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, कुंकू बाईंच्या तळव्याला लागलं होतं.

"तूच टाक ग," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं होईना."

मी इकडंतिकडं बघितलं. कुणाच्या डोक्यावर टाकायच्या, ते मला कळेना. अंतरपाट कधीच निघाला होता. आई मागून म्हणत होती, "इंदू, चल, सगळे खोळंबलेत." मी मूठ मिटली आणि गेले.